मेन स्विचवरचा टाक

चाकणच्या आमच्या वर्कशॉपमध्ये मेन स्विचच्या वर एक छोटी फळी होती आणि तिच्यावर खंडोबाचा टाक. टाक म्हणजे अंगठ्याएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेला घोडा आणि घोड्यावर देव. एकदा ट्यूबलाइट बदलताना वरून पाना निसटून त्याच्यावर पडला, तेव्हापासून घोड्याच्या कानाशी एक पोचा आलेला. दर रविवारी त्याला भंडारा लावायचं काम माझं. आमच्या भागात सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी मशीन चालू असायच्या, आणि खंडोबाचा वारही तोच. बरं जमायचं.

वर्कशॉप अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. चऱ्होलीची जमीन इमारतींखाली गेली तेव्हा गावातल्या बऱ्याच जणांनी गाड्या घेतल्या. अण्णांनी चाकणला शेड घातली, लेथ घेतली आणि वाहनांच्या कंपन्यांना लागणारे बुश आणि पिना करायला सुरुवात केली. पुढे त्यांचे गुडघे गेले. थोडे दिवस बिलं बघ, म्हणून मला बोलावलं आणि मी तिथलीच झाले. आधी बिलं, मग मालाची खरेदी, मग मशीनचं सेटिंग. निगडीहून तळवडेमार्गे रोज स्कूटरवर जायचे. मुलगी त्यातच मोठी झाली. नवरा कंपनीत शिफ्टला, त्याची कधी तक्रार नव्हती.

मला दोन भाऊ. मोठा दादा बँकेत, धाकटा जर्मनीत नोकरीला. दोघांपैकी कुणाच्याही शर्टाला कधी मशीनवरच्या कुलंटचा वास आला नाही. तसा त्यांचा हट्टही नव्हता. दसऱ्याला मशीनना झेंडूचे हार घालताना अण्णा आलेल्या माणसांना सांगायचे, "हे आता हिचंच हाय. मी आपला नावापुरता." मला ते पुरेसं वाटायचं.

युरोपची टूम दादाने काढली. वहिन्या नकोत, जावई नको, नातवंडं नकोत. "फक्त आपण पाच जण. लहानपणी टेम्पोतून अष्टविनायकाला गेलो होतो, तसं," तो म्हणाला. आई-अण्णांचे पाय चालतायत तोवर जाऊन येऊ. धाकट्याने त्याच्याकडे उतरायचं ठरवलं, मोठी व्हॅन भाड्याने घेतली. मी म्हटलं, मला जमणार नाही, ऑर्डर आहेत. तर अण्णाच म्हणाले, "मेमध्ये बड्या कंपनीचा शटडाऊन असतोय ना? तेव्हा कोन मागतंय तुझा माल? चल गपचिप." खरंच होतं ते. कामगारांना गावी जायला सुट्टी दिली, शेडला कुलूप लावलं. चावीचा दुसरा जुडगा नेहमीप्रमाणे अण्णांकडे.

विमानतळावर तपासणीला आईची पर्स थांबवली. आत कापडाची छोटी पुरचुंडी होती. तिथल्या बाईने विचारलं, हे काय? आई म्हणाली, "देव हाय." बाईने बोटाने चाचपलं, हसली आणि सोडून दिलं. आम्हीही हसलो. मला वाटलं, घरच्या देव्हाऱ्यातलं काहीतरी असेल. आई कुठेही गेली तरी एखादा देव बरोबर घेतेच.

प्रवास छान चालला होता, हे सांगायला हवं. धाकटा गाडी चालवायचा, दादा शेजारी बसून रस्ता चुकवायचा. मागे आम्ही तिघं, मध्ये दशम्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी. स्वित्झर्लंडमधल्या गाई बघून आईने विचारलं, "ह्यांना राखाया कोनीच कसं न्हाई? उद्या दुसऱ्याच्या रानात शिरल्या म्हंजे?" धाकटा म्हणाला, "आई, इथं गाईंनापण कायदा कळतो." आई म्हणाली, "मग तुला का न्हाई कळत? त्या बाईनं मघाशी हॉर्न कशापाई वाजवला?"

एके दिवशी डोंगरावर जाणाऱ्या दातेरी रेल्वेत बसायला गेलो. सगळे बर्फाचे फोटो काढत होते आणि अण्णा काठी टेकून रुळांमधल्या दात्यांकडे वाकून बघत होते. मला हाक मारली. "बघ गं. किती वर्सं झिजतायत आन् दात कसा हाय बघ." मीही वाकले. तिथेच मी त्यांना सांगितलं की दिवाळीनंतर आपली जुनी ड्रिल काढून टाकू, जागा होईल, आणखी एक चांगली सीएनसी मशीन घेऊ, बँकेशी बोलणं झालंय. अण्णा ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "फाऊंडेशन पुरेल का तिच्या वजनाला?" मी म्हटलं, पुरेल. ते म्हणाले, "हां. मग बरं."

हे मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलं. फाऊंडेशन पुरेल का, हे त्यांनी खरंच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही तळ्याकाठच्या एका गावात भाड्याच्या घरात उतरलो होतो. सकाळी चहा टाकायला मी स्वयंपाकघरात गेले तर आई माझ्याआधी उठून खिडकीशी उभी. काचेच्या बशीत तिने काहीतरी ठेवलं होतं आणि पिठल्यासाठी आणलेल्या पुडीतली हळद त्याला लावत होती. मी जवळ गेले. घोड्याच्या कानाशी पोचा.

"हा इथं कसा?"

आई दचकली. मग म्हणाली, "म्हनलं, त्यालाबी परदेश दाखवावा."

मी हसले. एवढंच सुचलं. गॅस लावला, पातेलं ठेवलं आणि मग हात थांबला.

कारण ही रीत मला आईनेच शिकवली होती. कामाच्या जागेचा देव जागेवरून हलवायचा नाही. घरात चूल पेटते तोवर, शेडमध्ये चाक फिरतं तोवर त्याने तिथेच बसायचं. चऱ्होलीचं आमचं घर पाडायचं ठरलं तेव्हा जेसीबी यायच्या आदल्या दिवशी तिने सगळ्यात आधी देव काढले होते. भांडी नंतर, धान्य नंतर, आधी देव. "रिकाम्या घरात देव ठिवू न्हाई, परक्याचा हात लागू दिऊ न्हाई," असं तेव्हा म्हणाली होती. तिला खोटं बोलता आलं, गप्प बसता आलं, पण देवाला मशीन उचलून नेणाऱ्या हायड्रा क्रेनवाल्यांच्या हाती सोडणं तिला जमलं नाही. म्हणून तो माझ्यासमोर बशीत होता.

मी विचारलं, "शेड विकली?"

आईने पदर तोंडाला लावला. रडली नाही. "अण्णास्नी ईचार," म्हणाली.

अण्णा विचारायच्या आधीच दारात होते. मागून दादा, दात घासण्याचा ब्रश हातात. धाकटा सोफ्यावरून उठून बसला. त्यांच्यापैकी एकानेही "काय झालं?" असं विचारलं नाही. तेवढ्यावरून मला कळायचं ते कळलं. पाच जणांमध्ये एक मीच होते जिला माहीत नव्हतं.

"तुला सांगणारच होतो," दादा म्हणाला.

"कधी?"

"पॅरिस झाल्यावर."

"म्हणजे आधी टॉवर, मग हे."

"चिडू नकोस ना. तू तिथं असतीस तर मशीनला मिठी मारून बसली असतीस. तुला ओळखत नाही का आम्ही?"

धाकटा म्हणाला, "ताई, तुझ्याच भल्याचं आहे. पन्नाशीला आलीस. किती दिवस त्या चाकणच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटर घालणार?"

"तू कधी आलास बघायला, मी किती दिवस घालते ते?"

अण्णा खुर्ची ओढून बसले. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "माज्या माघारी तुमच्यात भांडनं नकोत. गिऱ्हाईक चांगलं मिळालं. जागा त्यांना पायजे, मशीन त्यांना नको. मशीन दुसरा नेतोय."

"मला विचारलं का नाही?"

"ईचारलं असतं तर तू न्हाई म्हनली असतीस."

"त्यासाठीच विचारतात, अण्णा."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. तळ्यात बदकं होती. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, ओटा पुसला, पुन्हा आधण ठेवलं. पाच कप केले. काम हाताशी असलं की मला बरं पडतं.

मग शेजारच्या शेडच्या मालकाला फोन लावला. आपल्याकडे तेव्हा सकाळ बरीच वर आलेली. तो म्हणाला, "ताई, कुठं हाय तुमी? सकाळपास्नं हायड्रा लागलाय तुमच्या दारात. मला वाटलं मशीन बदलताय. दोन्ही सीएनसी गेल्या, लेथ आता ट्रेलरवर चढवतायत. पट्टा नीट बांधा म्हनून मीच वरडलो त्यांच्यावर." मी त्याला धन्यवाद दिले. फोनमधून हायड्राचा भोंगा ऐकू येत होता, मागे सरताना वाजतो तो.

फोन ठेवला तेव्हा आई टाक पुन्हा कापडात गुंडाळत होती. मी हात पुढे केला. "दे माझ्याकडे. मी ठेवते घरी."

आई म्हणाली, "तुज्या घरी कसा? तुझं सासरचं दैवत येगळं. कुळाचा टाक लेकीला देत न्हाईत. ह्याच्या घरी बसवायचाय." आणि तिने मानेने धाकट्याकडे खूण केली.

शेड त्यांची होती, मशीन त्यांच्या होत्या, हे मी मनाला समजावू शकले असते. व्यवहार म्हणून समजावलंही असतं. पण ज्या देवाला मी दर रविवारी हळद लावली तो जर्मनीतल्या एका फ्लॅटमध्ये जाणार होता, जिथे कुणाला भंडारा कुठून आणायचा ते माहीत नव्हतं, आणि हे आईने घरून निघतानाच ठरवलेलं होतं. तपासणीला पुरचुंडी पाहून मी हसले होते, तेव्हाही.

सहल आम्ही पूर्ण केली. लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. पण एकटीने निघून कुठे जाणार? परतीचं तिकीट एकत्र होतं. पॅरिसला टॉवर पाहिला. पायऱ्यांवर अण्णांचा दंड मी धरला, कारण दुसऱ्या कुणाला त्यांचा कोणता गुडघा जास्त दुखतो ते ठाऊक नव्हतं. मात्र दशम्यांचा डबा मी दादाच्या मांडीवर दिला आणि मागच्या सीटवर खिडकीशी बसले. जर्मनीत परत आल्यावर धाकट्याच्या घरी आईने टाक शोकेसमध्ये ठेवला, पॅरिसहून आणलेल्या छोट्या चंदेरी टॉवरशेजारी. धाकटा म्हणाला, "छान दिसतो."

घरी आल्यावर नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. "आता काय करायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, येतं ते करायचं. कामगार गावाहून परत आले तेव्हा शेडला दुसऱ्याचं कुलूप पाहून थेट माझ्या घरी आले. त्यांना सांगायलाही मीच होते. दोघांना दुसरीकडे लावून दिलं, दोघं थांबले.

श्रावणाच्या आधी तळवड्यात अर्धा गाळा भाड्याने घेतला आणि एक जुनी लेथ. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी पिनांचं काम दिलं. मशीन बसायच्या आधी मी आळंदीला गेले. तिथे देवळाच्या वाटेवर टाक घडवणारे आहेत. कारागिराने विचारलं, "जुना टाक कुठंय? सोबत आणायचा असतो, त्याच्यावरून करतो आम्ही."

"तो भावाकडे गेला."

"मग भाऊ वेगळे झाले म्हणायचे. नवा कुणाच्या नावाचा?"

"माझ्या."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पत्रा घेतला.

आईला हे कुठून कळलं माहीत नाही. फोन आला. "लेकीनं टाक करायचा नसतोय गं."

"माहिती आहे."

"घरं येगळी झाल्यावर करत्यात."

"तेही माहिती आहे."

मग आई म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले.

लेथ सुरू केली त्या रविवारी कुणाला बोलावलं नव्हतं. अण्णा मात्र रिक्षा करून आले. कुणी पत्ता दिला, मी विचारलं नाही. आत येऊन त्यांनी वर मेन स्विचकडे पाहिलं. नवा टाक, कोरा घोडा, कान शाबूत. मग सवयीने मशीनपाशी गेले, काठी भिंतीला टेकवली आणि बेडवरून, म्हणजे हत्यार ज्यावर सरकतं त्या लोखंडी पट्ट्यांवरून, बोटं फिरवली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मध्यावर बोटं थांबली.

"हितं झिजलाय गं. घेताना बघितलं न्हाईस?"

बघितलं होतं. मला दिसलं नव्हतं. जुनी लेथ विकत घेताना ज्याला बरोबर न्यावं असा माणूस मला एकच माहीत होता, आणि मी एकटी गेले होते.

"मला न्यायचं व्हतं," अण्णा म्हणाले.

मी कामगाराला चहा सांगायला पाठवलं आणि मशीन चालू केली. हत्यार मध्यावर आलं की ती थोडी थरथरते. त्या जागी कट कमी घ्यावा लागतो, तेवढं मी आता सांभाळून घेते.