खांबामागच्यांचं पडणं

कातरताईला कुणी भांडखोर म्हटलं तर ती मान डोलवायची. तोंडाळ म्हटलं तरी हसून घ्यायची. कपडे दुरुस्तीचं दुकान चालवता चालवता हातातली कात्री जिभेवर कधी चढली हे तिचं तिलाही कळलं नव्हतं, आणि गल्लीनं दिलेलं टोपणनाव ती मानानं मिरवत असे. पण खोटारडी म्हटलेलं तिला खपत नसे. आणि तसं म्हणणारा उभ्या जगात एकच माणूस होता, तिचा सख्खा धाकटा भाऊ.

धाकट्याचं चष्म्याचं दुकान तिच्या दुकानाला भिंत लावूनच होतं. त्यामुळे भांडायला कुणाला रस्ता ओलांडावा लागत नसे.

वाद होता एका पडण्याचा. लहानपणी दर सुट्टीत गल्लीच्या टोकाच्या थिएटरात एक जुना विनोदी मूकपट लागायचा. त्यात एक जाड्या वाढपी बशांची ही उंच चळत घेऊन जिना उतरतो, साबणावर पाय पडतो, आणि चळतीसकट खाली येतो. सगळ्या बशांचा चुरा होतो. एकच बशी वाचते, ती घरंगळत मालकाच्या बुटापाशी जाते, भिंगरीसारखी फिरते आणि मग, सगळे श्वास रोखून बघत असताना, फुटते. हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते पुसेपर्यंत जाड्या पुन्हा जिन्यावर, पुन्हा चळत, पुन्हा साबण. दुसऱ्या वेळचा हशा पहिल्याच्या दुप्पट. छताची धूळ खाली यायची म्हणतात ना, तसा.

ताईनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं, तेही थेट केबिनमधून. तिचे बाबा थिएटरचे ऑपरेटर. रिळाच्या रिकाम्या डब्यावर उभी राहून ती छोट्या खिडकीतून बघायची. शेजारी मशिनची घरघर आणि बाबांच्या बोटांना फिल्म चिकटवायच्या द्रावणाचा तो नेलपॉलिशसारखा वास. या इतक्या पक्क्या आठवणीला कुणी खोटं म्हणावं?

धाकट्यानं थिएटर पाहिलंच नव्हतं. त्याला समज आली तोवर तिथं पोत्यांचं गोदाम झालं होतं. त्यानं तो मूकपट पाहिला टीव्हीवर. गल्लीतला पहिला टीव्ही कंपाउंडरकडे आला, तेव्हा मोठी माणसं खुर्च्यांवर, पोरं जमिनीवर, कंपाउंडर स्वतः गच्चीत अँटेना धरून, अशी सगळी गल्ली जमली होती. जाड्या पडला. एकदा. आणि पुढचा प्रसंग सुरू झाला.

ताई उठून पडद्यासमोर उभी राहिली. "थांबा, अजून एकदा पडायचाय तो."

"खाली बस गं," मागून चारपाच आवाज आले.

दारात हाताची घडी घालून बाबा उभे होते. "बाबा, सांगा ना यांना," ती म्हणाली.

बाबांनी कान खाजवला. "टीव्ही केवढासा," ते म्हणाले, "दोनदा पडायला जागा कुठंय त्यात?"

सगळे हसले. बाबा शेवटपर्यंत थांबले नाहीत. आणि त्या दिवसापासून टीव्ही ताईचा वैरी झाला. कापाकापी करणारं खोकं. पुढं तिच्या स्वतःच्या घरात टीव्ही आला तेव्हा तिनं त्याला असा आवळ आणि इतक्या गुंड्यांचा अंगरखा शिवला, की उघडायचा कंटाळा येऊन माणसं झोपी जात.

"सगळ्या बशा फुटल्यावर दुसरी चळत आणली कुठून?" धाकटा भिंगं पुसत विचारायचा.

"हॉटेल आहे ते. तुझ्या बायकोचं कपाट नव्हे, चार बशा आणि कुलूप."

"ताई, तुझा नंबर वाढलाय. एकाचे दोन दिसतात तुला."

"आणि तुला दोनाचा एक. स्वतःच्या दुकानातला चष्मा घालतोस, आणखी काय होणार?"

हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. बाबा गेल्यावर मात्र ताईच्या रागाला धार आली. तिच्या हिशेबी तो आता नुसता पडण्याचा वाद राहिला नव्हता. बाबांनी दाखवलेलं खोटं ठरवत होता हा.

आणि मग वाचनालयाच्या भिंतीवर कागद लागला. तोच मूकपट. संपूर्ण, न कापलेली, नव्यानं उजळलेली प्रत. ताईनं भरदुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं.

"चल," ती धाकट्याला म्हणाली. "आणि डोळे घेऊन ये."

बॅटरीकाकांनाही तिनं वाटेत उचललं. थिएटरचे जुने डोअरकीपर ते, अंधारात बॅटरी मारून लोकांना खुर्च्या दाखवणारे. काका नको नको म्हणत होते. गुडघे दुखतात, ऐकू कमी येतं.

"मूकपट आहे काका. ऐकायचंय काय त्यात? साक्षीला या."

वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मिळाल्या, ताईला आणि काकांना. धाकटा ताईच्या बरोबर मागं बसला. जाड्या जिन्यावर आला तशी ताई खुर्चीतून अर्धी उठली. तो पडला तेव्हा ती पुरती उभी होती. हशा झाला, बशी फिरली, फुटली. ताई तशीच वाट बघत उभी. पडद्यावर एक बाई आरशासमोर केस विंचरू लागली.

"थांबवा," ताई म्हणाली. "दिवे लावा."

दिवे लागले. लॅपटॉपमागून एक दाढीवाला आयोजक लगबगीनं पुढं आला. "काय झालं आजी?"

"आजी तुमच्या घरी. कुठल्या टीव्हीवाल्याकडून आणलीत ही? संपूर्ण म्हणून लिहिता आणि निम्मं पडणं गायब? शिवायला दिलेल्या पँटचा एक पाय कापून परत दिला तर घ्याल तुम्ही?"

"ही मूळ निगेटिव्हवरून केली आहे. यात तो एकदाच—"

"माझ्या बापानं स्वतःच्या हातानं लावलंय हे पिक्चर. मला सांगताय?"

"ताई, बस," धाकटा मागून हळूच म्हणाला. "लोक बघतायत. एकदाच पडतो गं तो. तू खोटं बोलतेस असं नाही म्हणत मी. लहान होतीस. वाटत असेल तुला तसं."

वाटत असेल. खोटारडी परवडली असती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काकांकडे वळली. "काका, बोला. तुम्ही होतात ना तिथं? पडायचा की नाही दोनदा?"

काकांनी घसा खाकरला. दाराकडे एकदा बघून घेतलं. "पडायचा," ते म्हणाले. "पण दुसऱ्यांदा तो नाही पडायचा. तुझा बाप पाडायचा त्याला."

काकांनी दोन्ही हातांनी हवेत एक खांब उभा केला.

"थिएटरच्या मधोमध तो जाडजूड खांब होता, आठवतो? त्याच्यामागं बसणारे हशा ऐकून डावीकडं वाकायचे, तोवर पडणं संपलेलं. तुझ्या बापाला ते बघवायचं नाही. एक जुनी प्रत फाटून निकामी झाली होती, तिच्यातलं पडणं त्यानं कापून ठेवलं. पिक्चर आलं की त्यातल्या पडण्यापुढं तो तुकडा जोडायचा, परत जाताना काढून घ्यायचा. खांबामागच्यांचं पडणं, असं म्हणायचो आम्ही दोघं."

ताईच्या डोळ्यांपुढं ती बशी आली. दोन्ही वेळा त्याच बुटाशी, तेवढ्याच गिरक्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे सांधे उसवणाऱ्या बाईला बापाचा सांधा दिसला नव्हता.

पण म्हणून ती विरघळली असं समजू नका. "आणि हे मला आज सांगताय?"

"मालकाला कळतं तर नोकरी जाती त्याची. पोरांच्या पोटात काही राहत नाही, तुझ्या तर मुळीच नाही."

"आणि थिएटर बंद पडल्यावर? तेव्हा कुणाची नोकरी जात होती?"

"तेव्हा सांगणार होता. पण तू टीव्हीशी अशी हातघाईवर यायचीस. म्हणायचा, राहू दे, माझ्या सांध्यासाठी एक तरी जण भांडतंय."

ताईचा ठसका काही गेला नाही. "म्हणजे मला लढायला लावून बाबा दारात उभे." मग ती आयोजकावर फिरली. "तरी चूक हे पिक्चर काढणाऱ्याचीच. एकदा पाडून मोकळा झाला. त्याला बसवायला हवं होतं त्या खांबामागं."

दाढीवाला दिवे घालवायला निघाला. तेवढ्यात धाकटा उभा राहिला. "अहो, जरा मागं घ्या ना. पडणं दिसलंच नाही इकडं."

"तुला?" ताई गर्रकन वळली. "दुसऱ्या रांगेत बसून? भिंगं विकतोस ना तू?"

"मधे तू उभी होतीस ताई," तो म्हणाला. "खांबासारखी."

दाढीवाल्यानं पिक्चर मागं घेतलं. जाड्या जिन्यावर आला, चळत पुन्हा शाबूत. मागच्या रांगा आधीच हसायला लागल्या होत्या.

ताई बसली नाही. फक्त एक पाऊल बाजूला सरकली.

"बघ नीट," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आणि परत मला 'वाटत असेल' म्हणालास, तर चष्म्यासकट कापीन."