उंदरासाठी ठोकलेला खिळा
नव्या चामड्याला चोळलेल्या करडईच्या तेलाचा वास आला की मला अजून चुलत्यांचा संताप येतो. नव्वदच्या दशकात कन्हेरीला त्यांच्या घरी एक तांबडा कुत्रा होता. चुलते चपलांना तेल पाजून त्या उंबऱ्यापाशीच ठेवायचे आणि त्या वासानं तो पट्टे चघळत बसायचा. चुलती रोज सांगायची, “अवं, भिंतीला खिळा ठोका न् चपला वर टांगा की!” चुलते खेकसायचे, “कुत्र्यापायी नव्या गिलाव्याला भोक पाडू व्हय?” शेवटी एक कोरा जोड फाटला, तेव्हा त्यांनी कुत्र्याला जीपमध्ये घातलं आणि पळसदेवला धरणाच्या पाण्याकडेला सोडून दिलं. तो बिचारा शेपूट हलवत जीपमध्ये चढला होता. परत येऊन चुलते म्हणाले, “मासळी खाऊन जगंल की, त्याला काय धाड भरतीय?” पुढच्याच आठवड्यात उंदरानं त्यांच्या चपलेचा पट्टा कुरतडला. तेव्हा मात्र हा गृहस्थ मुकाट्यानं हातोडी घेऊन उठला आणि त्याच गिलाव्यात खिळा ठोकून मोकळा झाला. तो खिळा अजून तिथंच आहे. मी गेलो की चुलते सांगतात, “चपला वर टांग रं, उंदरं हायती.” मी त्यांच्या डोळ्यांत बघत चपला उंबऱ्यातच काढतो.