बसून जायची गाडी

आमच्या घरात मोटार आली ती हौसेने नाही. हिंगणघाटात तेव्हा मोटार म्हणजे जिनवाल्या शेठजींची, नाहीतर डॉक्टरांची. बाबा एका जिनमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. शेतकऱ्यांच्या बैलबंड्यांमधला कापूस पाहून त्याची प्रत ठरवायचे आणि सायकलवर घरी यायचे. ऐंशीनंतरच्या एका वर्षी आईला पोटाचा कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक घ्यायला तिला नागपूरच्या दवाखान्यात सारखं न्यावं लागणार होतं. एसटीच्या पहिल्याच खेपेत वाटेतल्या जाम गावचा चौरस्ता येईपर्यंत तिने ओठ चावून रक्त काढलं. डॉक्टर म्हणाले, हिला आडवी झोपवून आणत जा. बाबांनी मान हलवली आणि घरी आल्यावर सांगितलं की वरच्या खोलीसाठी साठवलेल्या पैशांत एक जुनी मोटार घ्यायची. खोलीचं पुढे पाहू.

मी तेव्हा बी.एड. करून घरी होते आणि तोंडाने फटकळ म्हणून नातेवाइकांत माझं नाव होतं. एरवी मी दहा शंका काढल्या असत्या. पण त्या दिवसांत मला काही वाटतच नव्हतं. दाढ काढायच्या आधी सुई दिली की गाल जसा आपला राहत नाही, तशी मी अख्खी झाले होते. भाजी चिरायचे, आईची औषधं द्यायचे, आलेल्यांना चहा करायचे. रडू येत नव्हतं. ते येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

रस्त्यावर तेव्हा दोनच तऱ्हेच्या गाड्या दिसायच्या, एक गोल पोटाची मोठी आणि एक चौकोनी छोटी. आमच्या ऐपतीत बसणारी त्यातली एकेक विकायला आहे असं कळलं. छोटी निळी होती, गावातल्याच एका निवृत्त अधिकाऱ्याची. सीटवर बायकोने विणलेली क्रोशाची कव्हरं, आरशाला अत्तराची बाटली. मोठी पांढरी होती आणि वर्ध्याला, सिंदी मेघेत. तिचा मालक ती भाड्याने द्यायचा. किमतीत फारसा फरक नव्हता. निळी पेट्रोल कमी प्यायची, पण तिची मागची सीट आखूड होती. पांढरीची मागची सीट दिवाणासारखी लांब आहे, असं बाबा ऐकून आले होते. त्यांच्या मनात पांढरीच पक्की होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

गंमत अशी की पांढरी पाहायला आम्ही निळीतूनच गेलो. निवृत्त अधिकारी म्हणाले, घेण्याआधी लांब चालवून पाहा, वर्ध्यापर्यंत जाऊन या. बाबा जिनची जीप कधीमधी चालवायचे, तेवढंच त्यांचं शिक्षण. दुसरी गाडी पाहायला चाललोय, हे त्यांनी त्या भल्या माणसाला सांगितलं नाही. आई म्हणाली, मीपण येतो. मी म्हटलं, तू कशाला, उगाच हाडं खिळखिळी करून घ्यायला? ती तोवर पदर खोचून पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

रस्ता कसला, नुसती चाळण होती. खड्डा दिसला की बाबा आधीच सांगायचे, "खड्डा." मग आई दोन्ही हातांनी पुढची पट्टी घट्ट धरायची आणि श्वास रोखायची. खड्डा गेला की सोडायची. बाकी वेळ खिडकीबाहेर पाहत होती. कापूस वेचणाऱ्या बाया, कडेला उभ्या बंड्या, पळसाची झाडं, यात पाहण्यासारखं काय ते मला कळेना. 

"लगनापासून पयल्यांदा खिडकी भेटली मले," ती म्हणाली. "एसटीत कधी तुया मांडीवर, कधी तुया बापाच्या पिशवीवर."

"माझ्या मांडीवर नाही, मी तुझ्या मांडीवर बसायचे," मी म्हटलं.

"तेच ते. खिडकी तुलेच होती ना!"

सिंदी मेघेत पांढरी गाडी एका कडुलिंबाखाली उभी होती, धुऊनपुसून. मालक हात पुसत पुढे आला. बाबांनी इंजिन ऐकलं, टायर पाहिले, मग मागचं दार उघडून मला म्हणाले, "बाई, जरा झोपून पाह्य बरं. तुयी आन् तिची उंची सारखीच हाये."

मी झोपले. पाय सरळ झाले, डोकं टेकलं, कुठे काही अडलं नाही. वर गाडीचं छत होतं, त्याच्या कापडाला एक शिवण होती. आरामाची सीट होती, यात वाद नाही.

बाबांची एक खोड होती. बंडीतला वरचा कापूस ते पाहायचेच नाहीत. शेतकरी वर नेहमी पांढराशुभ्र पसरतो आणि कवडी, म्हणजे पिवळा किडका कापूस, आत दडपतो. म्हणून ते बाही सारून कोपरापर्यंत हात बंडीच्या पोटात घालायचे आणि तळातला मूठभर काढून उजेडात धरायचे. गाडीचंही त्यांनी तेच केलं. मी झोपलेली असतानाच माझ्या डोक्यामागून, सीटची गादी आणि टेकायची पाठ यांच्यामधल्या फटीतून त्यांनी हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठ बाहेर काढून उघडली. सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या, बोटांना गुलाल, आणि जळून संपलेल्या उदबत्त्यांच्या काड्या.

"लग्नाची गाडी हाये साहेब," मालक पटकन म्हणाला. "नवरदेव बसते यात."

आई कडुलिंबाला टेकून उभी होती. म्हणाली, "नवरदेवापुढं उदबत्ती कोन लावते, भाऊ?"

मालक खाली पाहू लागला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "नागपूरच्या दवाखान्यातून मयत आना लागते कधी कधी. लोकाईचं अडते ना माय. दुसरं कोनी नेत नाई, मी नेतो. धुऊन घेतो मंग गाडी."

खरं तर मी तेव्हा ताडकन उठायला हवं होतं. मी उठले नाही. छताची शिवण पाहत पडून राहिले. इथे इतके जण झोपून गेले, आता मी झोपलेय, एवढंच मनात आलं आणि त्याचंही काही वाटलं नाही.

बाबांनी पाकळ्या खाली टाकल्या, हात धोतराला पुसले आणि सवयीने भाव पाडायला सुरुवात केली. तळाला खराब माल निघाला की प्रत उतरवायची, हे त्यांच्या रक्तातच होतं. मालकही ओशाळून उतरत गेला. सीट नवी करून घेऊ, गोमूत्र शिंपडू, असं बाबा आमच्याकडे पाहून म्हणाले. सौदा होत आलाच होता.

"ही नाई," आई म्हणाली.

"काऊन? त्याचं काही मनात नोको आनू. सीटच बदलून टाकू."

"त्याचं नाई. यात झोपा लागते."

"झोपासाठीच तं पाहून राह्यलो ना अवं!"

"मले बसून जायचं हाये," ती म्हणाली. "झोपून तं एक दिवस जायचंच हाये. तवरोक बसून जाईन."

कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, आणि तो राग होता. मी उठून बसले आणि म्हणाले, "दुखणार तुला आणि बघायचं आम्ही? हा कसला हट्ट गं?"

"तू मांगं बसजो," आई म्हणाली. "मंग दिसनार नाई तुले."

निळी घेतली. घरी आल्यावर आईने चाकाखाली लिंबू ठेवायला लावलं, आणि पहिली खेप नागपूरची नको, गिरडची करू म्हणाली. गिरडला टेकडीवर दर्गा आहे, आमच्याकडचे सगळेच नवस बोलायला तिथे जातात. तिला चढवणार नव्हतं. ती पायथ्याशी गाडीतच बसून राहिली, काच खाली करून, येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत. बाबा वर जाऊन आले आणि तिथून प्रसाद म्हणून आणतात तो सुपारीएवढा गोल दगड तिच्या हातात दिला. काय मागितलं, असं तिने विचारलं. "रस्ता," बाबा म्हणाले. "जामपर्यंतचा तरी चांगला व्हावा." आई इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं.

रस्ता काही झाला नाही. आम्ही जात राहिलो. ती पुढे बसायची, मुठीत तो दगड, मी मागे. बाबा म्हणायचे "खड्डा," ती पट्टी धरायची, मला तिच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसायच्या. मागे बसलं की दिसत नाही, हे तिचं चुकलं होतं. कधी कधी मला वाटायचं, ओरडून म्हणावं, विका ही गाडी आणि ती पांढरी आणा. पण ती खिडकीतून बाहेर बघत असायची आणि बुटीबोरीच्या पुढे कोणाची तूर कशी आली आहे ते सांगत असायची. घरी तिचं अंथरूण सुटत नव्हतं. गाडीत मात्र ती बसलेली असायची.

एका दुपारी परत येताना जामच्या पुढे तिचं तुरीबद्दलचं बोलणं मधेच थांबलं. झोप लागली असेल म्हणून मी वाकून पाहिलं. तिची मान खिडकीकडे कलली होती आणि मूठ उघडली होती. दगड पायाशी पडला होता.

बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. आरशात मला त्यांचे डोळे दिसले. त्यांनी गाडी थांबवली नाही, वेगही वाढवला नाही. मी पुढे सरकले, सीटच्या मागून दोन्ही हात तिच्या अंगाभोवती घातले आणि तिचं डोकं माझ्या गालाशी सरळ धरलं. केसांना खोबरेल तेलाचा आणि दवाखान्याचा वास होता. मला रडू आलं नाही. हात सुटता कामा नयेत, एवढंच डोक्यात होतं.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "खड्डा."

मी तिला घट्ट धरलं. खड्डा गेला.

हिंगणघाटपर्यंत ते प्रत्येक खड्डा सांगत आले, आणि मी प्रत्येक वेळी तिला धरलं. आमच्या घरासमोरच्या नालीवरून गाडी घेतानाही ते "खड्डा" म्हणाले. शेजारचे लोक नेहमीसारखे तिला उतरवायला पुढे आले, काचेतून पाहिलं आणि कोणीतरी खाट आणायला धावलं. खाट आली. दार उघडलं. बाबा उतरून दारात आडवे उभे राहिले.

"थांबा," ते म्हणाले. "बसू द्या तिले जरा."