फोकसमामांची कुंडी

आमच्या नाटक कंपनीत दिवे सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे फोकसमामा म्हणत. मी रंगमंचावर कितीही मोठा राजा असलो, तरी माझं नाक किती लांब दिसावं हे मामांच्या मर्जीवर होतं. "राजे, तोंड जरा खिडकीकडे ठेवा, नाहीतर तुम्ही हेडक्लार्क दिसता," असं ते बजावायचे. खरंच दिसायचो. चाळीस वर्षं या माणसाने आम्हा सामान्य चेहऱ्यांना देखणं केलं. असे हात आता मिळायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर मामा थोरल्या बहिणीकडे राहायला आले. ताई म्हणजे माजी मुख्याध्यापिका. घरात शब्द त्यांचा, नियम त्यांचे, आणि गॅलरीतल्या कुंडीतलं अनंताचं झाडही त्यांचंच. मामांचा हक्क एकाच गोष्टीवर : संध्याकाळी त्या झाडाशेजारी खुर्ची टाकून ओढायची एक सिगारेट.

पण मामा आले आणि अनंत रुसला. कळ्या टपोऱ्या व्हायच्या, पिवळ्या पडायच्या आणि टपकन खाली. एखादी चुकून उमललीच, तर दुसऱ्या दिवशी पाकळ्या फरशीवर.

"तुझा धूर," ताईंनी निकाल दिला.

"अगं ताई, एका सिगारेटीने जीव जात असता तर मी कधीच गेलो असतो!"

"तू चिवट आहेस, ते नाजूक आहे. या खेपेला फूल टिकलं नाही, तर सिगारेट बंद."

मामांचं धाबं दणाणलं. वरच्या काकूंच्या ओल्या चादरी टपकतात म्हणून ते काकूंशी भांडून आले. शेजारच्या मांजरालाही तंबी दिली. एवढ्यात त्यांची कंबर धरली आणि बारा दिवस अंथरुणात गेले. सिगारेटही अर्थातच बंद. आणि त्या बारा दिवसांत एकही कळी गळली नाही!

"आता बोल," ताई म्हणाल्या.

मी भेटायला गेलो तेव्हा मामा छताकडे बघत होते. "राजे, या दिवसांत मी आणखी काय केलं नाही?"

"काहीच केलं नाहीत. पडून होतात."

"मग कुंडीही फिरवली नाही!" मामा कंबर विसरून उठून बसले.

भानगड अशी होती. झाडाच्या कळ्या उजेडाकडे, म्हणजे रस्त्याकडे झुकायच्या. खुर्चीतल्या माणसाकडे पाठ! मामांना ते कसं खपणार? रोज सिगारेट पेटवण्याआधी ते कुंडी गर्रकन वळवायचे. झाड बिचारं दुसऱ्या दिवशी पुन्हा उजेडाकडे मान वळवायचं, संध्याकाळी पुन्हा मामा हजर. कंबर सुटल्यावर मामांनी नर्सरीवाल्याला विचारलं, तर त्याने कपाळालाच हात लावला. "आजोबा, कळ्या धरल्यावर याची जागा हलवायची नसते हो!"

आता सिगारेट वाचवायची तर गुन्हा कबूल करणं आलं.

"राजे, तुम्ही सांगा ना ताईला. तुमचा आवाज पोहोचतो."

ताईंसमोर माझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नाही. शेवटी मामांनीच सगळं सांगितलं.

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे झाडाचा रोग तूच!"

"मी दोषी आहे. पण सिगारेट निर्दोष आहे."

पुराव्याशिवाय मार्क द्यायची ताईंना सवय नव्हती. त्यांनी खडूने कुंडीवर एक आणि फरशीवर एक अशा रेघा मारल्या. मामांनी रोज शेजारी बसून सिगारेट ओढायची, पण रेघेला रेघ जुळलेली राहिली पाहिजे. एक कळी गळली की पाकीट कचऱ्यात. मामांचे हात इतके शिवशिवायचे, की सिगारेट संपली रे संपली की ते हातांवर बसायचे.

अकरा फुलं आली. सगळी ठणठणीत, आणि सगळी रस्त्याकडे तोंड करून. घराकडे नुसती पानं!

"मार्क दिले," ताई म्हणाल्या. "ओढ."

मामांनी खुर्ची उचलली आणि जिना उतरले. रस्त्यापलीकडे शिंप्याच्या दुकानासमोर ती मांडून त्यांनी सिगारेट पेटवली आणि वर गॅलरीकडे बघत बसले. दोन दिवस ताईंनी हा तमाशा सहन केला. तिसऱ्या दिवशी त्याही आपली खुर्ची घेऊन खाली आल्या.

"धूर माझ्याकडे आला तर याद राख," असं म्हणत त्या अगदी त्यांच्या शेजारीच बसल्या.