हौसाची ओवी आणि माझी चूक

कराड-इस्लामपुरात पेटी शिकवणाऱ्या मित्रांनो, मुलं चार महिन्यांत शिकवणी सोडतात, ही आपली सगळ्यांचीच तक्रार आहे. आज सकाळी माझ्याकडची हौसाही शिकवणी सोडून गेली.

तिचे वडील दुष्काळात मेंढरं विकून इथल्या साखर कारखान्यावर आलेले. म्हणाले, "आवं मास्तर, पोरीला जमत न्हाई म्हंता, तर ऱ्हाऊ द्या."

मी हजेरीतलं नाव खोडत होतो. तेवढ्यात हौसानं पेटी ओढली आणि बिरोबाच्या जत्रेतली धनगरी ओवी वाजवली. एकही सूर चुकला नाही.

"ह्ये कवा शिकलीस गं?" वडिलांनी तिला विचारलं.

"मास्तर च्या प्यायला जात्यात, तवा."

वडील हसले. मग मला म्हणाले, "तुमच्याम्होरं तिला वाजवू दिलं असतं का?"

मागच्याच महिन्यात तिनं ही चाल धरली, तेव्हा मीच पेटीचं झाकण लावलं होतं. "जत्रेतलं जत्रेत," असं वर्गासमोर सुनावलं होतं.

आता थांबा म्हणालो. ते थांबले नाहीत.

ज्यांच्या घरचं गाणं आपण दाराबाहेर ठेवतो, त्यांनी आपल्या दारात का यावं? उद्या सारेगमचे अलंकार घोकून घेण्याआधी प्रत्येक मुलाला त्याचं आवडतं गाणं विचारा, आणि पहिला धडा त्याच गाण्याचा द्या.