आक्का थांबायच्या ते वळण

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी फिरायला निघण्यासाठी कॅनव्हासचे बूट चढवत होते. नऊवारीखाली बूट घालणारी धाराशिवात मी एकटीच असेन, आणि लोक मागं हसतात हेही मला ठाऊक आहे. पुतण्या म्हणाला, "काकू, आक्का पहाटं गेल्या. झोपेतच." मी बूट काढले नाहीत. तशीच स्टँडवर गेले आणि सासरकडची, वाशीची एस.टी. धरली. ज्यांनी मला चालायला शिकवलं त्यांना शेवटचं बघायला बूट घालूनच गेले, याचं महिन्याभरानंतरही समाधान वाटतं.

चालायला शिकवलं हे उगाच म्हणत नाही. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे, शेवटचे दिवस होते. माझं माहेर बार्शीचं, म्हणजे इंग्रजी मुलखातलं. वडिलांचं पेढ्यांचं दुकान होतं आणि अंगानं मी त्या दुकानाला शोभेशी होते. सासर मिळालं वाशीजवळच्या वाडीत, डोंगराच्या अगदी पायथ्याला. घरी शेती, शेळ्या-मेंढ्या. त्या घरात लेकरू रांगायचं थांबलं की डोंगर चढायला लागायचं. आणि घराण्याची देवी नेमकी माथ्यावर. रीत अशी की नव्या सुनेनं भरली ओटी पदरात घेऊन पायी वर जायचं आणि वाटेत कुठंही बसायचं नाही. बूड टेकलं की ओटी बाटली, मग सगळ्यांनी खाली उतरायचं. देवीची ओटी भरल्याशिवाय सुनेनं घरच्या चुलीला हात लावायचा नाही.

सासूबाईंनी मायेनं मला पोटभर पुरणपोळी खाऊ घातली आणि भर उन्हात हलगीच्या तालावर वरात निघाली. निम्म्या वाटेवर डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी एका धोंड्यावर बसले... हलगी थांबली. पाहुणेरावळे नैवेद्याच्या आशेनं उपाशीपोटी चढत होते, ते तसेच माघारी फिरले. त्यांच्या तोंडावरचे भाव मी अजून विसरले नाही. संध्याकाळी सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हिच्या पायात जीवच न्हाय. पुढल्या चैतापतोर चढली तर ठीक, न्हायतर म्या लेकाला दुसरी बघते." नवरा खाली मान घालून बसला होता. ही नुसती धमकी नव्हती, शेजारच्याच घरात दोन सवती नांदत होत्या.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा वारला आणि त्या माहेरी परतल्या, त्या कायमच्याच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात टोपली दिली. "चल, शेण गोळा करू." शेण हे निमित्त. थोडं चढायचं, उतरायचं, उद्या आणखी थोडं. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "आक्का, मला नाही जमायचं." त्या म्हणाल्या, "तुला कुणी पळ म्हनतंय व्हय? शेळी बघ, सरळ चढती का? वाकडं वाकडं जाती, खात जाती. दम लागला की उभ्यानंच काठीवर टेकायचं. आन् चालताना माझ्यासंगं बोलायचं. बोलनं तुटाय लागलं की पाय हळू कर."

बोलता बोलता मी त्यांना सगळं माहेर सांगून टाकलं. डोंगर कधी आवडू लागला ते मात्र सांगता येत नाही. एकदा आक्का तापानं पडल्या होत्या, म्हणून एकटीच गेले. करवंदीच्या जाळ्या, गार वारा, खाली काडेपेटीएवढी घरं... परत आले तर सासूबाईंनी विचारलं, "शेन कुठाय?" टोपली रिकामी होती. आतल्या खोलीत अंथरुणावर पडलेल्या आक्का खुदकन हसल्या.

चैत्रात पुन्हा हलगी वाजली. या वेळी पुरणपोळी अर्धीच खाल्ली. काठीवर टेकत, शेळीसारखी वाकडी वाकडी चढत मी शेवटच्या वळणापर्यंत आले, आणि तिथं आक्का थांबल्या. "माझं हितवरच," त्या म्हणाल्या. "वर ओटीच्या येळी रांडमुंडीचा पाय पडत न्हाय. तू जा. वर काय दिसतं ते मला सांग." ओटीच्या वेळी मनाई होती, पण त्या धास्तीनं आक्का एरवीही कधी माथ्यावर गेल्या नव्हत्या. डोंगराची वाट न् वाट त्यांच्या पायाखालची, आणि माथा तेवढा राहिलेला. मी ओटी भरली, सगळ्यांनी कौतुक केलं, चूल माझी झाली. पण माझा जीव त्या वळणावर अडकला होता. खाली आल्यावर त्यांनी विचारलं, तर मी म्हणाले, "ते सांगायचं नाही आक्का, बघायचं."

वैशाखात आम्ही दोघी टोपल्या घेऊन निघालो. वळणावर त्या थांबल्या. मी म्हणाले, "आज ओटी नाही, हळदकुंकू नाही. देवीकडं नाही जायचं, नुसतं वर जायचं." आक्कांनी एकदा वर माथ्याकडं बघितलं. मग पदर कमरेला खोचला आणि माझ्या पुढं झाल्या. माथ्यावर पोचल्यावर त्या खाली बसल्या. चढाच्या वाटेवर त्यांना बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बार्शीच्या अंगाला सपाट मुलूख दूरवर पसरला होता. "एवढं मोठं हाय व्हय समदं," एवढंच म्हणाल्या. डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

मग आम्हाला नादच लागला. बायका उगाच डोंगरात जातात हे कुणाला पटणार? म्हणून टोपली कायम हातात. पुढं धामधुमीचा काळ आला. बार्शीकडची सरहद्द जवळ, डोंगरात निजामाच्या पोलिसांचा पहारा. एका जमादारानं हटकलं, "किधर कू जारे?" आक्का म्हणाल्या, "शेळी हुडकतोय, जमादारसाब. कानावर पांढरा ठिपका हाय." तो भला माणूस आमच्याबरोबर घटकाभर नसलेली शेळी शोधत फिरला. पोलिसाच्या सोबतीनं आम्ही त्या दिवशी नवीन खिंड बघून घेतली. नंतर किती डोंगर झाले, सोनारीच्या बाजूपर्यंत किती पायपीट झाली, याची मोजदाद नाही. घरच्या सुनांच्या ओट्यांना मात्र आक्का अखेरपर्यंत त्या वळणावर थांबल्या. मी किती वेळा भांडले. "ऱ्हाऊ दे," म्हणायच्या, "दुसऱ्याच्या सणात कशाला मोडता घालायचा?" मला ते कधीच पटलं नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या नातसुनेची ओटी होती. ती पुण्यात दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारी, धापा टाकत होती. मी तिला वाटभर बोलतं ठेवलं. शेवटचं वळण आलं. माझे यजमान जाऊन आता काही वर्षं झाली. धाकटी जाऊ हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी हितं टेका. आमी आलोच." हलगी थांबली. नातसून माझ्याकडं बघत राहिली.

मी पदर कमरेला खोचला, तिचा हात धरला आणि सगळ्यांच्या पुढं झाले.