डिकीत अडकलेली अक्काची खुर्ची

ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार. सुमनताई, गुडघा कसा आहे? दादा, खोकला थांबला का? वहिनी, डोळ्याची पट्टी निघाली?

आज देवरूखला माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या नातवाचा साखरपुडा होता. अक्काला चालता येत नाही. तिची चाकांची खुर्ची गाडीच्या डिकीत, आणि आमच्याकडच्या समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेलं लॉक काही केल्या उघडेना. तेल सोडलं, बुक्के मारले.

तेवढ्यात अक्काचा मुलगा हॉलमधून आला. "मामा, कशाला खटपट? फोटोत ती खुर्ची नकोच. आईचं ताट गाडीतच पाठवतो."

अक्का पुढच्या सीटवर बसून ऐकत होती.

मी मागची सीट पाडून डिकीत रांगत शिरलो नि आतून खटका ओढला. उघडली!

"लाव ती डिकी परत, बाळू," अक्का म्हणाली. "मला घरी ने."

नेलं. मुलाचा अजून फोन नाही.

तुम्ही काय केलं असतंत? लवकर लिहा, अक्काला वाचून दाखवायचंय.